उपरण्याखालचा हात

अण्णा गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी तिला चिकपेटमधलं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय दाखवायला नेलं. ते एका जुन्या रेशीम व्यापाऱ्याच्या घरात होतं. अण्णाही रेशमाचेच दलाल.

माडीवर प्लास्टरचे दोन व्यापारी समोरासमोर बसवले होते. त्यांच्या हातांवर उपरणं पसरलेलं. पूर्वी भाव असाच ठरायचा, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नसे. आम्हा मुलांसमोर काही ठरवायचं असलं, की अण्णा आईशीही पदराखाली तसंच बोलायचे.

आईने उपरण्याखाली हात घातला.

"हात नका लावू, अक्का," पहारेकरी हसत म्हणाला. "आणि आत आहे काय? झाकलेलं कोण बघतंय, म्हणून त्यांचे हात केलेच नाहीत. बाह्यांत नुसता भुसा."

"स्वल्प थांबा," आई म्हणाली.

उपरणं हललं. आईच्याच बोटांनी हललं असेल, असं मी धरून चालले. मग आईने नकारार्थी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा. भाजीवालीशी घालते तशी हुज्जत ती घालत होती, फक्त मुकाट्याने.

"आई, चल आता."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मध्ये सरकली, समोरच्या पुतळ्याला मी दिसू नये अशी. उपरणं तिच्या मनगटाभोवती आवळलं गेलं.

"अहो, ती नको," आई हळूच म्हणाली. "मी येते."