सदतीस जिवंत रोपं

सकाळी सहाला चहाचं आधण ठेवून रेवती टेंभेकरने फोन पाहिला. कर्बमुक्तीचं राष्ट्रीय प्रारूप, म्हणजे सरकारी संगणकी गणित, रोज याच वेळी, जगवलेल्या रोपांवरून, प्रत्येक गावाची आणि संस्थेची वीज ठरवत असे. तिच्या माहेरी, पिंपळधऱ्याला, आज दोनच तास वीज होती. तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

“रेवे, तूच ग्रामसभेत म्हणालीस ना, मेलेली रोपं मेलेलीच लिहा, दंड होणार नाही? आम्ही साल खरवडून एकेक रोप तपासलं. शेजारच्या गावाने काटक्यासुद्धा जिवंत लिहिल्या. त्यांचे पंखे फिरतायत.”

प्रारूप तिनेच बांधलं होतं आणि त्यात मेलेल्या रोपांसाठी वीज कापण्याचा दंड नव्हता. प्रारूप चालवणाऱ्या संस्थेत, आपल्या ऑफिसात, तिने विचारलं, तेव्हा संचालक देवस्थळी हसले.

“दंड मी नंतर घातला. तुमच्या शब्दावर लोक खरं बोलले, रेवतीबाई. एरवी कोण बोललं असतं?”

दुपारी संस्थेमागच्या माळावर जाऊन तिने संस्थेने लावलेल्या प्रत्येक रोपाची साल नखाने खरवडून पाहिली. नोंदीत चार हजार होती, माळावर उभी जेमतेम तीनशे. हिरवी निघाली सदतीस.

परत येऊन तिने संस्थेच्या रकान्यात सदतीस लिहिलं, खाली सही केली आणि उद्या इथे पंखे नसतील म्हणून खिडक्या उघड्या ठेवून ती घरी गेली.