ल्यूबेनचं वळण

डोंगरातली वाट राखणं हे माणसानं या पृथ्वीवर केलेलं सर्वांत थोर काम आहे, असं त्रायाननं त्या शनिवारी सकाळी एका खडकावर उभं राहून जाहीर केलं. खडक हलला. उरलेलं भाषण त्यानं खाली बसून, गुडघा चोळत पुरं केलं.

ऐकायला विहरा आणि दोन कुदळी होत्या. रोदोपी डोंगरातल्या चार दिवसांच्या सायकलवाटेचा सहा किलोमीटरचा तुकडा या दोघांनी सांभाळायला घेतला होता. काम फुकटचं, त्यामुळे सुट्टी कोणाकडे मागायची हाही प्रश्नच होता.

पाइनच्या राईत शिरल्यावर त्रायान थबकला. जुनं वळण पुन्हा उघडं होतं.

हे वळण त्यानंच काढलेलं. गेल्या ऑक्टोबरात ल्यूबेन, त्यांच्यातला तिसरा, इथूनच सायकलसकट दरीत गेला. बर्फ वितळल्यावर त्रायाननं वरच्या अंगानं नवी वाट काढली आणि या वळणाच्या तोंडावर ओंडके रचले. पुढच्या शनिवारी ते बाजूला सारलेले. त्यानं आणखी जाड रचले. तेही सारलेले. असे सात शनिवार झाले.

आज तर पालाही झाडलेला होता आणि पाणी काढायला तिरका चर खणलेला. चराच्या तोंडाशी तीन चपटे दगड, मधला आडवा.

"असे दगड फक्त ल्यूबेन लावायचा," त्रायान म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

"मग सुधारला म्हणायचा. जिवंतपणी कधी आपल्या आधी कामावर आला होता का?" विहरा म्हणाली. पण चराच्या पलीकडे तीही गेली नाही.

"माझं वळण तो मला बुजवू देत नाहीये, विहरा."

वर कुठंतरी काटकी मोडली. त्रायाननं घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली, तीही उलटी.

झाडांमधून चालत नेवेनाकाकू खाली आल्या. ल्यूबेनची आई. डोक्याला शोकाचा काळा रुमाल, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुदळ. आज मृतांचा शनिवार, गेलेल्यांच्या नावानं गहू वाटायचा दिवस. त्यांनी उकडलेल्या गव्हाचे दोन कागदी पेले काढून दोघांच्या हातांत दिले आणि वळणावर थोडी वाइन ओतली.

"देव त्याला क्षमा करो," दोघं म्हणाली.

"करेल. तुम्ही खा."

त्रायान खाईना. "काकू, हे वळण तुम्ही उघडता?"

"मग काय अस्वल उघडतं?"

"आणि ते दगड?"

"बटाट्याच्या वाफ्यातलं पाणी असंच काढतात. माझ्याच हाताखाली शिकला तो. तुला काय वाटलं, त्यानं शोध लावला?"

"काकू, हे वळण मी काढलं होतं."

"ठाऊक आहे. झकास वळण आहे म्हणायचा. जेवताना हातानं काढून दाखवायचा, सूप सांडेपर्यंत." त्यांनी मधला दगड टाचेनं नीट बसवला. "त्याला तुमची नवी वाट कुठं माहीत आहे रे? घरी यायचं तर तो इथूनच येणार."

"पण दुसरं कोणी इथून गेलं म्हणजे?"

"रविवारी गर्दी असते, तेव्हा तुमचे ओंडके असतातच की. सोमवारपासून मी इथं बसते. सायकलवाला आला की त्याला वरच्या वाटेला लावते. जातात बिचारे, काळा रुमाल बघून."

 पेला विहराच्या हातात देऊन त्रायान सगळ्यात मोठ्या ओंडक्याकडे गेला. दोन्ही पेले खाली ठेवून दुसरं टोक उचलायला विहरा आली. दोघांनी तो आडवा आणून वळणाच्या तोंडावर ठेवला.

काकू चराशी उभ्या राहून बघत होत्या.

"त्रायान," त्या म्हणाल्या, "जरा बारकी लाकडं टाकत जा रे. सोमवारी कंबर धरते."