खल्फानचा दोर

"खल्फानचा दोर मला देऊ नका, नाखवा."

थानीने मान खाली घालूनच सांगितलं. भर समुद्रात, मोत्यांच्या शिंपल्यांच्या पट्ट्यावर गलबत नांगरून उभं होतं. पहिल्या बुडीची तयारी चालली होती.

"आठ हंगाम तूच त्याला वर ओढतोस ना?" नाखवा हुमैद म्हणाला.

"तेव्हा माझी बहीण त्याच्या घरात होती." थानी थांबला. "तो खाली असताना मला तिचं रडणं आठवलं तर? माझ्याच हातांचा मला भरवसा नाही."

खल्फान नाकाला चिमटा लावता लावता हसला. "तलाक मी त्याच्या बहिणीला दिलाय, त्याला नाही. मला थानीच हवा. त्या मिस्बाहचे हात कसले, वल्हीच ती! वल्ह्याला माझा दम कळतो होय?"

"वल्ही तर वल्ही," मिस्बाह गुरगुरला. "वर काढीन तेव्हा बोल."

माणसं हसली. हुमैद हसला नाही. एकेक माणूस त्याने पारखून घेतला होता. पाण्यात जाणारा हलका, ओढणारा तगडा, तापटाशेजारी सोशिक. आणि सगळ्यांचे हात एका लयीत चालावेत म्हणून देवाचं नाव घेत गाणारा एक. ही एक गाठ मात्र किनाऱ्यावरच सुटली होती. त्याने मनातल्या मनात अल्लाला हाक मारली आणि जोड्या फिरवल्या. खल्फान मिस्बाहकडे आणि दुसरा बुडी मारणारा, जुमा, थानीकडे. जुमा बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"चालेल, नाखवा," जुमा म्हणाला. "मला काय, दोर तो दोर."

खल्फान आणि जुमा पायाला दगड अडकवून एकदमच खाली गेले. गाणाऱ्याने सूर धरला. मिस्बाह दोर आवळून, वर ओढ म्हणून खालून येणाऱ्या हिसक्याची वाट बघत राहिला. थानी त्याच्या शेजारीच होता, पण नजर खल्फानच्या बुडबुड्यांवर. ओठ हलत होते. हुमैदला वाटलं, दुआ मागतोय. थानी खल्फानचा दम मोजत होता.

"ओढ!" थानी मिस्बाहवर ओरडला.

"हिसका कुठे आलाय?"

"येणार नाही आता. ओढ म्हणतो ना, गाढवा!"

मिस्बाहने सगळा जीव लावला. खल्फान वर आला तो ओठ काळेनिळे पडलेला, पण जिवंत. थानीने डोळे मिटले. "अल्हम्दुलिल्लाह!" गलबतावर एकच कल्ला उठला.

त्या कल्ल्यात हुमैदचं लक्ष थानीच्या हातांकडे गेलं. हातातला जुमाचा दोर हिसके देत होता. एक. दोन. मग तो सैल पडला.

हुमैदने झेप घेऊन दोर ओढून घेतला आणि ओढतच राहिला. तळहातांची सालटी निघाली. जुमा वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं. खोकून खोकून कधीतरी श्वास परत आला. मग गलबताच्या काठाला लटकूनच त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. गाणं केव्हाच थांबलं होतं.

"नाखवा," तो म्हणाला, "माझा दोर कुणाकडे होता?"