बाद झालेला रिमोट

नव्या गाडीच्या आरशातल्या बटणाने गॅरेजचं दार उघडावं म्हणून ते जोडताना जयवंतरावांनी दाराच्या, छताला लावलेल्या मोटरची कळ जरा जास्तच वेळ दाबली आणि जुने सगळे रिमोट बाद झाले. घरातला त्यांनी पुन्हा जोडला. दुसरा निनादकडे, त्यांच्या मुलाकडे होता. स्वतःच्या लग्नावरून भांडून डॅलसचं घर सोडताना तो घेऊनच गेला होता. “तो कुठला येतोय आता!” म्हणत जयवंतराव शिडी उतरले.

महिन्याभराने शेजारीण म्हणाली, “सकाळी तुमचा मुलगा आला होता ना? गॅरेजसमोर रिमोट दाबत होता. दार उघडेना, तसा गाडीत बसून निघून गेला.”

जयवंतरावांनी घाईघाईने फोन लावला. “अरे, तुझ्या रिमोटची जोडणी चुकून पुसली गेली! बेल तरी वाजवायचीस.”

“मला वाटलं, मुद्दाम बंद केलंत,” निनाद म्हणाला. “हिचा आणखी अपमान नको, म्हणून बाळाला घेऊन तसेच फिरलो.”

“बाळ?”

“मुलगी झाली, बाबा. तुम्हाला दाखवायलाच आणली होती.”

“मग आत्ता ये! मी दार उघडून ठेवतो.”

“आम्ही परतीच्या विमानात बसलोय. ठेवतो.”

फोन बंद झाला. नातीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.