कुंपणावरचा वटवट्या

"गायला बघ. आत्ताच गायला," खिडकीशी वाकलेले नाना म्हणाले.

सून पेटीचे स्वर लावत बसली होती. हात थांबवून तिने कान दिला. कुंपणाकडून कसलाच आवाज नव्हता.

"नाही हो, नाना."

"पिवळ्या भुवईचा वटवट्या. हा पक्षी डोंगर ओलांडून इकडे कधी येत नाही, पण आलाय."

"नाव वटवट्या, आणि मी आले की मूग गिळून बसतो," ती हसली.

सासऱ्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, हे नवऱ्याला तिनेच सांगितलं होतं. वाद्यं सुरात लावणं हा तिचा व्यवसाय. तिच्या शब्दावर कोण शंका घेणार? डॉक्टरांनी नानांचे कान तपासले, ते ठणठणीत निघाले. म्हणजे बिघाड डोक्यातच. नवऱ्याने वृद्धनिवासात जागाही बघून ठेवली. तेव्हापासून आपण उगाच बोललो, असं तिला वाटत होतं. शेवटी तिने एका पक्षितज्ज्ञ बाईंना घरी बोलावलं.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या आणि नानांशेजारी डोळे मिटून बसल्या. सून दारात देवाचा धावा करत उभी. थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले.

"आधी मला नेहमीचाच वटवट्या वाटला," बाई म्हणाल्या. "पण शेवटचा सूर असा बारीक होत वर चढतो तो याचाच. याची हद्द डोंगरापलीकडे संपते, असं आम्ही धरून चाललो होतो. नाना, तुमचं बरोबर आहे."

नानांचा चेहरा उजळला. "सूनबाई, नवऱ्याला सांग, म्हातारा अजून ताळ्यावर आहे म्हणावं."

तिने लगेच फोन लावला. "अहो, बाईंनीही ऐकला. त्या जागेला नाही म्हणून कळवा."

पलीकडून नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं गं. माझंही मन तयार होत नव्हतं."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. नाना घरातच राहणार होते.

बाईंना पोचवायला ती फाटकापर्यंत गेली. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत," ती हळूच म्हणाली. "काहीच गात नव्हतं, तरी म्हाताऱ्या माणसाचं मन राखलंत."

बाई गोंधळल्या. "मन कसलं राखलं? अहो, हा काय, अजून थांबलेला नाही."

त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. हाताच्या अंतरावर, उघड्या फांदीवर, पिवळ्या भुवईचा एवढासा पक्षी बसला होता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, इवलासा गळा थरथरत होता. आणि सगळीकडे शांतता होती.