रिकामा पाट

अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवर गेलेला गंगूबाईंचा धाकटा भाऊ एकनाथ परत आलाच नाही. मुलूख मोकळा झाला, गावात साखर वाटली, पण त्याचा देहसुद्धा कुणाला सापडला नाही.

तेव्हापासून दर भाऊबीजेला गंगूबाई रिकामा पाट मांडून त्यालाच ओवाळत. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. त्यांनी ते कधी केलं नाही.

यंदा विद्यानगरच्या नव्या फ्लॅटमध्ये केबलचा टीव्ही मोठ्यानं चालू होता. सून तेजश्री म्हणाली, "आई, आता तरी चंद्राला ओवाळा. अजून किती परेशान व्हायचं?"

"चंद्राला ओवाळलं म्हणजे तो गेला असं होतं गं," म्हणत गंगूबाई पाटासमोर बसल्या.

कुंकवाचं बोट त्यांनी सवयीनं हवेत पुढं केलं, बसलेल्या तरण्या पोराचं कपाळ येईल तेवढ्या उंचीवर.

बोट टेकलं.

कपाळ ऊन होतं, घामानं ओलं. बोट भुवयांच्या मध्ये सरकलं आणि एका गोल भोकात पेरभर आत गेलं.

गंगूबाईंनी हात मागं घेतला नाही.

"लई दुखलं का रे, एकनाथा?"