शेपटीखालचं काम

नवं घर घेऊन तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे मुलाने मला घरी बोलावलं. त्याचा कुत्रा दिवसभर गालिच्यावर बूड घासत फिरत होता. शेपटीखालच्या ग्रंथी तुंबल्यात, महिन्यातून एकदा दाबून रिकाम्या करा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सुनेला वासानेच मळमळायचं आणि मुलाला बघवायचं नाही.

"आई, तू हॉस्पिटलात आया होतीस. जन्म याच कामात गेला तुझा, तुला काय त्याचं," तो फोनवर म्हणाला. शाळेत असताना माझ्या हाताला वास येतो म्हणून डबा न खाता परत आणायचा, तोच हा.

मी हातमोजे चढवले, शेपटी वर धरली, दोन्ही बाजूंच्या गाठी बोटांनी चाचपल्या आणि कोमट पाण्यात भिजवलेला कापूस लावून हलकेच दाबलं. तपकिरी घाण कापसावर आली. कुत्र्याने हूं की चूं केलं नाही, उलट वळून माझं मनगट चाटलं. मुलगा नाकाला रुमाल लावून लांब उभा होता.

तेवढ्यात उघड्या दारातून शेजारीण डोकावली. "या कोण?"

"कुत्र्याचं करायला येतात," मुलगा पटकन म्हणाला.

मी मोजे उलटे करून काढले आणि कापसासकट पिशवीत बांधले. "पुढच्या महिन्यात कधी येऊ, साहेब?"

त्याचा जीव भांड्यात पडला. "एक तारखेला या," तो म्हणाला.